आजीचें नांव

आजीची आठवण झाली म्हणजे कठोर माणसाचेंही मन मऊ होतें. आम्हांस आमची आजी आठवते ती अशी: पहांटे जात्याची घरघर, थंडीत तिच्या जुन्या लुगड्यांच्या गोधडीची ऊब, आणि सर्वांची नजर चुकवून आमच्या भाकरीवर ती घाली तो लोण्याचा गोळा. या आठवणी गोड आहेत खऱ्या. परंतु त्यांची गोडी निर्दोष आहे काय, असा प्रश्न आम्हांस अलीकडे पडूं लागला आहे.

एके दिवशीं दुपारीं आजीच्या माहेरचे एक वृद्ध गृहस्थ आले आणि उंबऱ्यावरूनच म्हणाले, "काय ग ठकू, ओळखलेंस का?" आजीनें हातांतलें सूप खालीं ठेविलें, तिचे डोळे भरून आले. आम्हां मुलांना मात्र त्या नांवाची मोठी मौज वाटली, व आम्ही दिवसभर तिला त्याच नांवानें चिडवीत होतों. तीही हंसली. लग्नांत तांदळांवर अंगठीनें लिहिलेलें नवें नांव तिनें जन्मभर वागविलें. पण ती ठकू कशी होती, हें आम्हीं तेव्हां विचारलें नाहीं, आणि पुढें शहाणे झाल्यावरही विचारलें नाहीं.

न्यायमूर्ति रानड्यांच्या पत्नी रमाबाई माहेरच्या यमुना. त्यांचें लग्न १८७३ सालीं, वयाच्या अकराव्या वर्षीं झालें. डॉक्टर आनंदीबाई जोशीही माहेरच्या यमुनाच. लक्ष्मीबाई टिळक माहेरीं मनकर्णिका होत्या. रमाबाईंच्या आठवणी १९१० सालीं व लक्ष्मीबाईंचीं 'स्मृतिचित्रें' १९३४ पासून प्रसिद्ध झालीं, म्हणून त्यांचें मन आपणांस कळलें. ज्यांनीं लेखणी हातीं धरिली नाहीं, त्यांचें मन कळण्यास विचारणारा कोणी तरी हवा होता.

कोणी म्हणेल, मुलांचें प्रेम घेणारेंच असावयाचें. त्यांत दोष कसला? मुलांना दोष नाहींच. पण मोठेपणींही आपण आजीच्या आठवणींत केवळ आपल्याला मिळालेली मायाच मोजीत बसतों, तेव्हां आपण तिची नव्हे, आपल्या बाळपणाची आठवण काढीत असतों. तिला स्वतःविषयीं बोलणें कदाचित् आवडलेंही नसतें. असेल, परंतु नको म्हणण्याचा अधिकार तिचा होता, आणि न विचारतां तो आपणच वापरून टाकिला.

ज्यांच्या घरीं अजून आजी आहे, त्यांनीं आज तिच्याजवळ घटकाभर बसून तिचें माहेर विचारावें. श्राद्धाच्या दिवशीं आम्ही आजीचें सासरचें नांव उच्चारितों, आणि मनांतल्या मनांत दुसरेंही घेतों. पण त्या दुसऱ्या नांवापुढें सांगावें असें आमच्याजवळ कांहींच नाहीं.