यादीतलं नाव

भिवंडीत राहणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: माल नुसता गोदामात असून भागत नाही, तो वहीत असावा लागतो. नोंद नसलेला तागा उद्या उंदरांनी खाल्ला, तरी रडणार कोण?

पुस्तकांचंही तसंच. पुस्तकांच्या नोंदी ठेवणाऱ्या ‘गुडरीड्स’ या संकेतस्थळानं जानेवारी २०१२ मध्ये अॅमेझॉनकडून येणारी माहिती वापरणं थांबवलं. ज्यांची माहिती दुसरीकडे मिळेना, त्या पुस्तकांच्या नोंदी स्वयंसेवकांनी पुन्हा भरायच्या! पदरमोड करून स्वतःच पुस्तक काढणारे लेखक घायकुतीला आले. (पुढच्याच वर्षी अॅमेझॉननं गुडरीड्सच विकत घेतलं. भांडण मिटवायची ही तऱ्हा आमच्या यंत्रमागवाल्यांना परवडायची नाही.)

गंमत अशी, की यादीतून नाव गेलं म्हणून हंबरडा फोडणारी हीच जात एरवी विनवत असते, ‘आमचं ते पहिलं पुस्तक तेवढं काढून टाका हो!’ तिथला नियम मात्र असा, की एकदा प्रसिद्ध झालेलं पुस्तक लेखकाला नकोसं झालं म्हणून यादीतून जात नाही.

मला विचाराल, तर नियम रास्त आहे. शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची केली. प्रत्येक लेखकाची परवानगी काढायची, तर निम्म्यांसाठी स्वर्गात जावं लागलं असतं. आणि लेखकाची लाज राखायची, तर वाचकाचं काय? त्यानं ते पुस्तक पैसे मोजून घेतलं, दुपारची झोप मोडून वाचलं, कदाचित त्याला आवडलंसुद्धा! ती दुपार त्यानं कुणाच्या खात्यावर लिहायची?