थोडे, परंतु नित्य



रमजान सरला की आपल्यापैकी अनेकांच्या घरी एकच गोष्ट घडते. महिनाभर सहरीसाठी पहाटे उठणारे घर ईदनंतर आठवडाभरातच जुन्या वळणावर येते. इशानंतर जेवणे रेंगाळतात, मग प्रत्येकाच्या हाती मोबाइल येतो आणि मध्यरात्र उलटते. सकाळी मुलांना ओढून उठवावे लागते. फज्रची वेळ तर केव्हाच टळलेली असते. प्रस्तुत लेखकानेही अनेकदा निश्चय केला, की उद्यापासून दहा वाजता दिवा मालवायचा, तहज्जुदला उठायचे, झोपण्यापूर्वी कुरआनचे पठण करायचे. पाचव्या-सहाव्या रात्री पाहुणे आले, निश्चय मोडला आणि मोडला तो मोडलाच.

झोप ही क्षुल्लक बाब नव्हे. दिव्य कुरआनने सूरह अन-नबामध्ये अल्लाहच्या देणग्या मोजताना झोपेचाही उल्लेख विश्रांती म्हणून केला आहे. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांना इशापूर्वी झोपणे आणि इशानंतर गप्पा मारीत बसणे पसंत नव्हते. विद्यार्जन, पाहुण्यांचा आदर, कुटुंबाची गरज यांसाठी जागण्यास विद्वानांनी सवलत दिली आहे. निरर्थक जागरणास नाही. फज्र चुकण्याचे कारण बहुधा आदल्या रात्रीत असते.

मग निश्चय टिकत का नाही? प्रेषितांची (सल्ल.) शिकवण पाहिली तर उत्तर सापडते. बिछान्याजवळ आल्यावर वुजू करावी, अंथरूण झटकावे, उजव्या कुशीवर पडावे, आयतुल कुर्सी पढावी, असे त्यांनी शिकविले. ही कृत्ये घड्याळाच्या ठोक्याशी नव्हे, बिछान्याशी बांधलेली आहेत. रात्रपाळी करून पहाटे परतणारा कामगार आणि तान्ह्या बाळासाठी जागणारी माता, दोघांनाही ती शक्य आहेत. आपण मात्र आधी वेळ ठरवितो आणि ती एकदा हुकली की सारेच सोडून देतो.

हजरत फातिमा (रजि.) यांच्या हातांवर जाते ओढून खुणा उमटल्या होत्या. त्यांनी पित्याकडे सेवक मागितला. प्रेषित (सल्ल.) रात्री त्यांच्या घरी आले, तेव्हा पती-पत्नी अंथरुणावर पडले होते. सेवकापेक्षा उत्तम गोष्ट सांगतो, असे म्हणून त्यांनी झोपताना ३३ वेळा सुब्हानल्लाह, ३३ वेळा अल्हम्दुलिल्लाह आणि ३४ वेळा अल्लाहु अकबर म्हणण्यास शिकविले. पुढे हजरत अली (रजि.) सांगत, की तेव्हापासून आपण हे कधी सोडले नाही. कोणी विचारले, सिफ्फीनच्या रात्रीही नाही? उत्तर आले, सिफ्फीनच्या रात्रीही नाही. हिजरी ३७ मधील ते युद्ध मुस्लिमांच्या इतिहासातील अत्यंत दुःखद प्रसंगांपैकी एक. त्या रात्रीही जी साधना सुटली नाही, ती होती अवघ्या काही मिनिटांची!

अतिरेकाचाही इस्लामने निषेध केला आहे. हजरत अबू दर्दा (रजि.) रात्रभर नमाज पढू इच्छीत होते. हजरत सलमान फारसी (रजि.) यांनी त्यांना झोपविले, रात्रीच्या शेवटच्या प्रहरी उठविले आणि दोघांनी मिळून नमाज पढली. पालनकर्त्याचा तुमच्यावर हक्क आहे तसा शरीराचा आणि कुटुंबाचाही आहे, असे सलमान (रजि.) यांनी समजाविले. प्रेषितांनी (सल्ल.) त्यांचे म्हणणे खरे ठरविले. हजरत आयशा (रजि.) यांच्या कथनानुसार अल्लाहला सर्वाधिक प्रिय असलेले कर्म ते, जे नित्य केले जाते, मग ते थोडे का असेना.

म्हणून आज रात्री मोठी प्रतिज्ञा करू नका. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, वुजू करा, मुलांना जवळ घेऊन तस्बीह पढा. मोठ्यांच्या ओठांवर जे रोज असते, ते मुले न शिकविताही उचलतात. एखादी रात्र चुकली तर निराश होऊ नका. रात्रीचे ठरलेले पठण झोपेमुळे राहून गेले आणि ते फज्र व जुहरच्या दरम्यान पूर्ण केले, तर रात्रीच केल्यासारखे लिहिले जाते, ही शुभवार्ता प्रेषितांनी (सल्ल.) दिली आहे. ज्या पालनकर्त्याने परतण्याची वाट इतकी सोपी ठेवली, त्याच्याकडे पुन्हा वळण्यास लाज कसली?

अल्लाह आमच्या रात्रींना शांती, पहाटेला जाग आणि थोड्याशा सत्कर्मांना सातत्य प्रदान करो. आमीन.