न सापडलेला खुनी

सज्जनहो, खुनी पळाला म्हणजे खून संपला, असे समजू नका. अमेरिकेत आयोवा प्रांती व्हिलिस्का म्हणून लहानसे गाव आहे. १९१२ च्या जूनमधला रविवार. चर्चमध्ये मुलांचा उत्सव झाला. त्याच रात्री एका घरी निजलेल्या आठ जणांना कोणी कुऱ्हाडीने मारले. त्यांत सहा लेकरे. दोघी तर मुक्कामाला आलेल्या पाहुण्या! पुढे एका वजनदार व्यापाऱ्यावर संशय आला आणि गावात दोन तट पडले. १९१७ साली एका पाद्र्यावर दोनदा खटला चालला. पहिल्यात पंचांचे एकमत होईना, दुसऱ्यात तो निर्दोष सुटला. खुनी आजतागायत कळला नाही.

बाबांनो, कुऱ्हाड त्या घरातच टाकलेली सापडली. संशय मात्र घरोघर फिरला! डोळ्यांनी पाहिले असेल ते निर्भयपणे सांगावे. तेथे गप्प बसणे पापच. पण न पाहिलेले पाहिल्यासारखे बोलणे, हाही घातच नव्हे काय? शेजाऱ्याच्या पाया पडताना ‘हाच तर नसेल ना?’ असे मनात आले, तर ते नमन कसले? माणसाला न उलगडलेला न्याय विठ्ठलाच्या पायी ठेवावा, आणि आपण आपली जीभ सांभाळावी.

रामकृष्णहरि!