आधी आम्हाला सांग



सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ साली एक रीत सुरू झाली. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजायचा आणि दीड तास घरोघरी टीव्ही, मोबाइल बंद. मुलं अभ्यासाला बसायची, मोठी माणसं एकमेकांशी बोलायची. गावाने मिळून ठरवलं, म्हणून ते जमलं.

आज आपल्या फुलंब्रीतही शेतात, दुकानात राबणाऱ्या आईबापांच्या लेकरांच्या हाती मोबाइल आहे. अभ्यास तिथेच, खेळही तिथेच. गोड बोलून ओळख वाढवणारा, मग फोटो मागणारा आणि पुढे त्याच फोटोवरून धमकावणारा अनोळखी माणूसही तिथेच गाठतो. अशा वेळी लेकरू गप्प का बसतं? बरेचदा धमकीपेक्षा घरच्यांच्या रागाची भीती त्याला मोठी वाटते. फसवणाऱ्याचं सारं बळ त्या गप्प बसण्यात असतं.

म्हणून त्या गावासारखं आपणही मिळून ठरवूया आणि आजच मुलांना सांगूया, "काहीही झालं तरी आधी आम्हाला सांग. आम्ही रागावणार नाही." आणि ते सांगतील तेव्हा दिलेला शब्द पाळूया. धमकावणाऱ्याला पैसे देऊ नका, आलेले मेसेज पुसू नका. संकटातल्या मुलांसाठी १०९८ आणि ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० हे क्रमांक घरात सगळ्यांना दिसतील असे लिहून ठेवा. लैंगिक अत्याचारापासून मुलांचं संरक्षण करणारा २०१२ चा पोक्सो कायदा त्यांच्या बाजूने उभा आहे. पण त्या कायद्यापर्यंत लेकराला हात धरून नेणारं माणूस घरातच हवं. ते माणूस आपण होऊया.