आवडीचा अंदाज

मित्राला कोणते गाणे आवडत असेल याचा अंदाज बांधताना माणसे बहुधा त्याचे घर, गाव आणि आडनाव पाहतात. परंतु नांदेड-लातूरकडे हा आडाखा वारंवार चुकतो. नांदेडच्या सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यातील कीर्तन, म्हणजे गुरू ग्रंथ साहिबात रागांनुसार मांडलेल्या पदांचे गायन, शिखेतर शेजाऱ्यांच्याही कानांवर पडत असते, आणि लोहा तालुक्यातील माळेगावच्या यात्रेत वाघ्या-मुरळी, म्हणजे खंडोबाला वाहिलेले गायक-उपासक, ऐकणारा तिथल्याच लावणीपुढेही तितकाच रमतो. गायक प्रल्हाद शिंदे यांचे उदाहरण तर अंदाज बांधणाऱ्याला पुरते निरुत्तर करणारे आहे: विठ्ठलाची भक्तिगीते, भीमगीते, म्हणजे डॉ. आंबेडकरांवरची गाणी, आणि कव्वाली या तिन्ही प्रांतांत तो एकच आवाज लोकप्रिय झाला, त्यामुळे शिंदे आवडतात एवढ्यावरून ऐकणाऱ्याविषयी काहीच ठरत नाही. लातूरच्या शिकवणी वर्गांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेली मुले एका खोलीत राहू लागली, की संगीतकार जोडी अजय-अतुल श्रेष्ठ की शिंदे घराणे, हा वाद (जो अभ्यासापेक्षा अधिक तन्मयतेने चालत असावा) सहसा निकाली निघत नाही; मात्र तो घालता घालता एकमेकांची गाणी पाठ होऊन जातात.