स्वप्नातला साप, पडद्यावरचा पिट्स

पिट्स स्पेशल हे एकावर एक पंखांचं, चिमुकलं कसरती विमान. कर्टिस पिट्स यांनी घडवलेलं हे विमान १९४४ साली पहिल्यांदा आकाशात गेलं. आता ते घरच्या संगणकावरही उडवता येतं. सुकाणूची काठी मागे ओढायची, की क्षितिज खाली सरकतं, पडदाभर नुसतं आभाळ उरतं आणि मग जमीन डोक्यावरून उतरू लागते. खऱ्या विमानात अशी कोलांटी घेताना शरीरावर चार पट भार आला, तर सत्तर किलोचा माणूस दोनशे ऐंशी किलोचा होतो. खुर्चीतला माणूस मात्र सत्तरचाच राहतो.

मग त्याची ही कोलांटी खोटी म्हणायची का?

अद्वैत वेदान्तात सत्तेच्या तीन पायऱ्या मानतात: पारमार्थिक म्हणजे अंतिम सत्य, व्यावहारिक म्हणजे रोजचं जग आणि प्रातिभासिक म्हणजे नुसता भास. अंधारात दोरीच्या जागी दिसलेला साप तिसऱ्या पायरीवरचा. पडद्यावरचं विमानही तिथेच बसवून मोकळं होता येईल, पण शंकराचार्य इतक्या सहजासहजी सुटू देत नाहीत. ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायात आक्षेप येतो, की सगळा व्यवहारच मिथ्या असेल, तर त्यातल्याच शास्त्राने सत्याचं ज्ञान कसं होणार? आचार्यांचं उत्तर विलक्षण आहे. विष पोटात गेल्याच्या नुसत्या शंकेनेही माणूस मरतो. स्वप्नातला सर्पदंश खोटा असला, तरी तो ‘जाणवला’ हे जागं झाल्यावरही खोटं ठरत नाही. दंश पुसला जातो, जाणीव उरते.

या युक्तिवादाला विसाव्या शतकात एक अनपेक्षित साक्षीदार मिळाला. एडविन लिंक यांच्या वडिलांचा न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनमध्ये वाद्यांचा कारखाना होता. तिथल्याच ऑर्गनच्या भात्यांवर डुलणारं खोटं विमान लिंक यांनी १९२९च्या सुमारास उभं केलं. १९३४मध्ये अमेरिकी लष्कराचे वैमानिक टपाल वाहताना खराब हवेत अपघातांत मरू लागले, तेव्हा लष्कराने अशी सहा यंत्रं घेतली. झाकण लावायचं आणि आत फक्त काटे व तबकड्या बघत उडायचं.

इथे गोष्ट उलटते. ढगात वळण बराच वेळ एकसारखं चालू राहिलं, की आतल्या कानातला द्रव तिथल्या नळ्यांबरोबरच फिरू लागतो आणि वैमानिकाला वाटतं, आपण सरळच चाललो आहोत. विमान खरोखर सरळ केलं, की दुसऱ्या बाजूला वळल्याचा भास होतो. म्हणजे खऱ्या आकाशात, खऱ्या देहाला झालेलं प्रत्यक्षच भ्रम निघतं, आणि त्यावर विसंबू नये, हे शिकवतं जमिनीला खिळलेलं लाकडी खोकं! खोट्यातून खरं हाती येतं, याचं याहून स्वच्छ उदाहरण सापडणं कठीण.

तरी एक गोष्ट पडद्यावर येत नाही. बेटी स्केल्टन ही अमेरिकी वैमानिका जमिनीपासून जेमतेम दहा फुटांवर उलटं उडत, दोन खांबांमध्ये बांधलेली फीत कापायची. पहिल्या प्रयत्नात विमान उलटं असतानाच इंजिन बंद पडलं. पडद्यावर एक कळ दाबली, की झालं गेलं पुसलं जातं, उड्डाण पुन्हा पहिल्यापासून. तिच्याकडे ती कळ नव्हती. क्षणात विमान सुलटं करून तिने ते उतरवलं.

नंतर तिने ही कसरत पिट्समधूनही केली. तिचं ते पिट्स, ‘लिटल स्टिंकर’, आज व्हर्जिनियातल्या स्मिथसोनियनच्या संग्रहालयात टांगलेलं आहे, उलटंच.