खरे गाणे कोणते?

बालगंधर्वांचे 'स्वयंवर' १९१६ साली रंगभूमीवर आले. त्यातील पदांना 'वन्स मोअर' मिळत आणि प्रत्येक वेळी पद नव्याने फुले. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस मात्र जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे! आमच्या पळसदरीत ती तबकडी लागली की जुने रसिक म्हणत, 'छे, हे खरे गाणे नव्हे.'

मग खरे कोणते? नाट्यगृहातले प्रमाण मानावे, तर १९६७ साली गंधर्व गेल्यावर जन्मलेल्या आम्ही त्यांच्याविषयी बोलूच नये. तबकडी प्रमाण मानावी, तर घड्याळाने कातरलेल्या गाण्यावरून गवयाचा निवाडा करण्याचे पाप पदरी येते. मी ऐकतो तबकडीच. पण तान आखडती वाटली, तर बोल गंधर्वांना लावीत नाही.